प्रत माहितीस्तव

आमच्या मसोलीतल्या मास्तरांना ‘काय चाललंय?’ असं विचारलं, तर ते ‘तिसरं स्मरणपत्र’ असं उत्तर देतात. तब्येत, जावई, चिकूचा भाव वगैरे विषय त्यांच्या लेखी किरकोळ. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत शुद्धलेखन घालण्यात गेली आणि पेन्शन सुरू झाल्यावर त्यांनी शासनाला पत्र लिहायला घेतलं. विषय एकच आहे. खाडीच्या अंगाला कुणीतरी रातोरात डंपरने भराव टाकतंय आणि पावसाचं जे पाणी पूर्वी निमूट खाडीला जायचं, ते आता मास्तरांच्या वाडीत चिकूच्या बुंध्याशी बस्तान मांडतं.

बाहेरून आलेला पाहुणा याला म्हाताऱ्या माणसाचा छंद समजतो. छंद कसला, तालुकाभर पसरलेली साथ आहे ती. सकाळी डहाणू रोड स्टेशनात लोकलची वाट बघत उभं राहावं. ज्यांच्या हातात डबा ते बोईसर-विरारला नोकरीवर निघालेले, आणि ज्यांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल ते पालघरला निघालेले. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, त्याआधी हेच फाइलवाले ठाण्यापर्यंत जात. प्रशासन लोकांच्या जवळ यावं म्हणून जिल्हा तोडला म्हणतात. ते आलं की नाही यावर वाद घालता येईल, पण अर्ज मात्र प्रशासनाच्या फार जवळ आले. पूर्वी ठाण्याचा प्रवास डोळ्यांसमोर आला की अर्धे अर्ज मनातच विरायचे. आता माणूस जेवायला घरी परत येऊ शकतो, त्यामुळे अर्ज करायला कंटाळत नाही.

साथीचं मूळ 20 जून 1991 या तारखेत आहे. त्या दिवशी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. उद्योगांचे हिरवे, नारिंगी आणि लाल असे वर्ग केले, लाल वर्गाला तालुक्यात बंदी घातली, बाकीच्यांना सगळ्या तालुक्यात मिळून 500 एकर जमीन दिली आणि वर तालुक्याभोवती 25 किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला. राज्याने वर्षभरात जमीनवापराचा आराखडा करावा, असंही त्यात होतं. वर्ष कुठल्या पंचांगाचं ते लिहायचं राहून गेलं असावं. अर्थात 500 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र त्याआधीच मंजूर झालेलं होतं. त्याविरुद्धची याचिका 1991 मध्येच सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली आणि संवेदनशील तालुक्यात चिमणी उभी राहिली. पुढे 1996 मध्ये दुसऱ्या एका याचिकेवर त्याच न्यायालयाने आदेश दिला आणि डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. जानेवारी 2019 मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर ते त्या खुर्चीवर होते.

या प्राधिकरणाने 1998 मध्ये तालुक्यातल्याच वाढवणच्या बंदराला नकार दिला. नुसता कागदावर दिला, आणि बंदर खरोखर परत गेलं! 1999 मध्ये वीज केंद्राला सांगितलं की धुरातलं गंधक काढायची यंत्रणा बसवा. ती 2007 मध्ये सुरू झाली. वेळ लागला, पण बसली. आता ज्या तालुक्याने कागदाच्या एका कपट्याने बंदर थांबताना पाहिलं, त्या तालुक्याचं पुढे काय होणार? एकदा लॉटरी लागलेला माणूस जन्मभर तिकीट घेत राहतो, तसे आम्ही अर्ज करत राहिलो.

अर्ज लिहिण्याचीही घराणी असतात. मास्तरांच्या घराण्यात ‘महोदय’ झाल्याबरोबर मुद्द्याला हात घालणं असभ्य समजतात. आधी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, मग ‘सविनय सादर करण्यात येते की’, मग संदर्भ क्रमांक 1 ते 7, ज्यांतले पहिले सहा म्हणजे त्यांचेच आधीचे अर्ज. ही भाषा आता घरातही शिरली आहे. परवा चहाला उशीर झाला, तेव्हा ओट्यावर बसून ते म्हणाले, “यापूर्वी तोंडी कळवूनही अद्याप कार्यवाही झालेली नाही.” काकूंनी आतूनच निकाल दिला, “अर्ज दप्तरी दाखल.”

पण अर्जाचा जीव मजकुरात नसतो. तो सहीच्या खाली, ‘प्रत माहितीस्तव’ या दोन शब्दांच्या पुढे असतो. ज्याच्या नावाने अर्ज लिहिला तो काही करेल, अशी अर्जदाराचीसुद्धा अपेक्षा नसते. प्रत मिळालेल्यांपैकी कुणीतरी त्याला दोन शब्द सुनवावेत, एवढीच माफक इच्छा. म्हणून यादी तलाठ्यापासून चढत जाते. मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, कोकण विभागाचे आयुक्त, मुख्यमंत्री, पंतप्रधान. “राष्ट्रपती राहिले,” मी एकदा सुचवलं. मास्तर म्हणाले, “चौथ्या स्मरणपत्राला काहीतरी शिल्लक नको?”

तालुक्यातल्या निम्म्या टेबलांमागे मास्तरांचे विद्यार्थी बसलेले आहेत, ही त्यांची मोठी सोय आणि तेवढीच मोठी अडचण. मास्तर दारात दिसले की साहेबांसकट सगळे उठून उभे राहतात. खुर्ची येते, पाणी येतं, चहा येतो, गुडघ्यांची चौकशी होते. एवढा मान मिळाल्यावर भांडायचं कुणाशी? एकदा मात्र खरंच उत्तर आलं. कुठल्या कार्यालयाचं ते सांगत नाही, विद्यार्थ्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. ‘आपल्या तक्रारीत तथ्य आढळुन आले नाही’, असं एका ओळीचं पत्र. मास्तरांनी ‘आढळुन’खाली लाल रेघ मारली, समासात ‘निष्काळजीपणा!’ असा शेरा दिला आणि पत्र परत पाठवलं. लगोलग सुधारित पत्र आलं. तथ्य त्यातही आढळलं नव्हतं, पण ‘ळू’ दीर्घ झाला होता. ते पत्र मास्तर आल्यागेल्याला दाखवतात. शासनाने त्यांची एक तरी सूचना मान्य केल्याचा तो लेखी पुरावा आहे.

तथ्य न आढळण्यात कार्यालयांचा सगळा दोष आहे असं मी म्हणणार नाही. भराव ही वस्तूच मोठी मायावी. मुरूम खाणीतून निघाला की तो गौण खनिज, म्हणजे महसूल खात्याचा. डंपर हमरस्त्याला लागला की परिवहनाचा, आणि मागून माती उधळत गेला तर पोलिसांचा. तिवरांवर ओतला की वन खात्याच्या कांदळवन कक्षाचा. तिवरं तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगून ठेवलंय. भरतीच्या रेषेत आला की सीआरझेडचा, त्याचं प्राधिकरण मुंबईला. त्याने नाला तुंबला की नगरपरिषदेचा, तुंबलेल्या पाण्यात डास झाले की हिवतापवाल्यांचा, आणि त्याच पाण्याने चिकूचं झाड बसलं की कृषी खात्याचा. यात एकच क्षण असा असतो की माती कुणाच्याच कक्षेत नाही. डंपरने पाठ उचलली आहे, माती सुटली आहे आणि अजून खाली पडलेली नाही, तो क्षण. मास्तरांचा अर्ज नेमका त्याच क्षणाविषयी आहे असं धरून प्रत्येक कार्यालय तो पुढच्या कार्यालयाकडे पाठवतं. आणि पुढच्या कार्यालयात त्या टेबलाचा कार्यभार ज्यांच्याकडे ‘अतिरिक्त’ आहे, ते निवडणुकीच्या कामाला गेलेले असतात. मी त्या माणसालाही पाहिलंय. तीन टेबलांच्या किल्ल्या कमरेला आणि तिन्ही टेबलांवर फायलींचा भराव. त्याची तक्रार कुणाकडे करायची, हे त्यालाही ठाऊक नाही.

अर्जाने भागत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत आणि महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमाप्रमाणे साधारण 150 शब्दांत एकच विषय. मास्तरांचे 150 शब्द ‘सविनय सादर’पाशीच संपतात. लोकशाही दिन आहे, जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी. त्याला अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात. म्हणजे आपण येतो आहोत याची कल्पना लोकशाहीला पंधरा दिवस आधी द्यावी लागते. यात वावगं काही नाही, पाहुण्यांनीसुद्धा कळवून यावं.

विहित नमुन्यात न बसणारं माणूस एकदाच मास्तरांच्या ओट्यावर आलं. बाजारात सुके बोंबील घेऊन बसणारी मावशी. तिला वाढवणच्या बंदराविरुद्ध अर्ज द्यायचा होता.

“लिवा मास्तर, आमचा समुद्र आमाला ठेवा.”

मास्तरांनी चष्मा लावला आणि लिहिलं, ‘अर्जदार ही पारंपरिक मत्स्यव्यवसायावर अवलंबून असलेली महिला असून प्रस्तावित प्रकल्पामुळे तिच्या उपजीविकेच्या साधनावर विपरीत परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ मग मोठ्याने वाचून दाखवलं.

मावशीने विचारलं, “यात समुद्र कुठंय?”

“उपजीविकेचं साधन म्हणजेच समुद्र.”

“मग समुद्र लिवायला जास्ती पैसे पडतात काय?”

मास्तरांनी कंसात ‘समुद्र’ लिहिलं. माझ्या माहितीत त्यांच्या अर्जातला तो सर्वांत स्पष्ट शब्द.

बंदराचं सांगायचं तर 1998 मध्ये परत गेलेलं ते बंदर नव्या प्रकृतीने पुन्हा आलं. अडचण अशी होती की बंदर पडलं लाल वर्गात आणि लाल वर्गाला तालुक्यात बंदी. यावर आम्ही लोकांनी फार तर बंदराचा रंग बदलावा असं सुचवलं असतं. दिल्लीतली बुद्धी त्यापुढची. 2020 मध्ये ठरलं की बंदर हा उद्योगच नाही. उद्योग नाही म्हटल्यावर लाल नाही, हिरवा नाही, प्रश्नच मिटला. इकडे माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराला चिकू ठेवायची पत्र्याची शेड दोन खणांनी वाढवायची होती, तर तिच्या कागदावर ‘क्षेत्र संवेदनशील असल्याने’ असा शेरा आला. त्याने चौकशी केली की माझी शेडसुद्धा उद्योग नाही असं ठरवता येईल का. तेव्हा टेबलावरून शांतपणे सांगण्यात आलं, “काका, त्यासाठी प्रकल्प मोठा लागतो.”

प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला जुलै 2023 मध्ये मिळाला आणि 19 जानेवारी 2024 ला पालघरला जनसुनावणी झाली. जनसुनावणीचे नियम 2006 च्या अधिसूचनेत आहेत. ती मी सगळ्यांनी एकदा वाचावी असं म्हणेन, विनोदी वाङ्मयाची आवड असो वा नसो. तीस दिवसांची नोटीस हवी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत हवा, सगळं चित्रीकरण व्हायला हवं, शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायला हवं. आणि त्यातच एक वाक्य आहे की सुनावणी सुरू करायला गणसंख्येची अट नाही. सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेला अट आहे. कोरम नाही म्हणून आमच्याकडे अर्धा तास थांबून, बटाटेवडे खाऊन, त्याच सभेला पुन्हा बसतात. जनसुनावणी मात्र जनांवाचूनही सुरू होऊ शकते. वाढवणच्या वेळी ती सवलत वापरायची पाळी आली नाही, हे खरं. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा किनाऱ्यावरच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ आहे.

जनसुनावणीत लोकांचं ऐकून घेतात, विचारत नाहीत. लोकांचं म्हणणं लिहिलं जातं, त्यापुढे प्रकल्पवाल्यांचं उत्तर लिहिलं जातं, दोन्ही एका फायलीत शेजारी शेजारी बसतात आणि फाइल दिल्लीला जाते. लग्नात आहेर लिहून घेतात तसं. किती लिहिला याचा लग्न लागण्याशी संबंध नसतो. फेब्रुवारीत पर्यावरणाची मंजुरी आली, एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचा दाखला कायम केला, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. तिसऱ्या स्मरणपत्राच्या माणसाने हा वेग पाहून नुसतं ‘अरे वा’ म्हटलं. त्यात उपरोध नव्हता. आपल्या शासनाला इतकं भरभर लिहिता येतं, याचा शिक्षकाला होणारा आनंद होता.

मास्तरांच्या घरातच मात्र दुसरी बाजू जेवायला बसते. भाचा. आयटीआय झालेला, बंदर हवं म्हणणारा. मंत्रिमंडळाच्या निवेदनात सुमारे दहा लाख रोजगार लिहिले होते, ते त्याने मोबाइलवर जपून ठेवलेत. 2011 च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या चार लाखांच्या घरात होती. म्हणजे पाळण्यातल्या पोराला आणि अंथरुणावरच्या आजीला धरून माणशी दोन नोकऱ्या, आणि तरी थोड्या उरतील. “दहा लाखांत मामा, माझी एक नसेल?” असं तो विचारतो, आणि याचं उत्तर ओट्यावर कुणापाशीच नसतं. चिकूच्या वाडीत वर्षभर पोट भरेल असं त्याला मास्तरही सांगू शकत नाहीत. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण व्यापारी मानांकनाला भाव देत नाही, चिकूला देतो, आणि तोही हात आखडून.

त्या दोघांचं भांडण एकदा भरावावरून झालं. बंदरासाठी समुद्रात 1,448 हेक्टर भराव पडणार. मास्तरांनी पाटीवर गणित मांडलं, एका डंपरमध्ये किती ब्रास, हेक्टरी किती डंपर, आणि पाटी कमी पडली. “माझ्या वाडीजवळ चार डंपर पडले तर तो गुन्हा, मग हे काय?” भाचा म्हणाला, “मामा, तुमचा भराव अनधिकृत आहे.” यावर मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “वाक्य शुद्ध आहे.”

दोघेही आपापले अर्ज एकाच झेरॉक्सच्या दुकानात काढतात. बंदर नको म्हणणारे, बंदर हवं म्हणणारे, बुलेट ट्रेनच्या जमिनीचा मोबदला मिळाला नाही म्हणणारे, सूर्या प्रकल्पाचं पाणी आमच्या शेताला सोडून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला का म्हणणारे, सगळे त्याच रांगेत. मालक कुठल्याच बाजूचा नाही. तो सगळ्यांना “पाठपोट की एकेरी?” एवढंच विचारतो. गेल्या काही वर्षांत तालुक्यात विकास नक्की कुणाचा झाला, असं कुणी विचारलं तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन. एका मशिनाची तीन झाली, लॅमिनेशन आलं आणि मध्यंतरी शटरवर पाटी लागली, ‘लवकरच नवीन प्रशस्त जागेत स्थलांतर’.

तलासरीकडच्या पाड्यांवर आमच्यासारखी झेरॉक्सची भानगड कमी. तिथे आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभा आहे, आणि बुलेट ट्रेनच्या वेळी किती तरी ग्रामसभांनी हात वर करून ‘नाही’ असे ठराव केले. ठरावांचं पुढे काय झालं ते रुळाच्या खांबांवरून दिसतंच. पण ती मंडळी निदान एकत्र बसून नाही म्हणतात. त्यांचा इतिहासच वेगळा. 1945 मध्ये तिथल्याच झरी गावी वारली जमले, गोदावरी परुळेकरांनी त्यांना संघटित केलं आणि जमीनदारांची वेठ बंद पाडली. त्या सभेला जावक क्रमांक नव्हता. शहराच्या हद्दीत आलं की ग्रामसभा संपते आणि प्रत्येक जण आपापली फाइल घेऊन एकटा लोकल पकडतो. मास्तरांना मी हे बोललो, तर त्यांनी ‘सामूहिक अर्ज’ असा नवा विषय काढून सह्या गोळा करायला घेतल्या. बाविसाव्या सहीपाशी शुद्धलेखनावरून दोघांशी वाद झाला.

आणि एके दिवशी स्थळपाहणीचं पत्र आलं. कुठल्या प्रतीने काम केलं देव जाणे. काकूंनी कुंकवाची कोयरी बाहेर काढून ठेवली होती, कुणाला लावायचं ते ठरलं नव्हतं. मोजणीची टेप घेऊन दोघे आले. त्यांतला एक अर्थातच मास्तरांचा विद्यार्थी, त्यामुळे पाहणीच्या आधी वाकून नमस्कार झाला. पंच म्हणून मी आणि शेजारचा एक जण. आम्ही सगळे खाडीच्या अंगाला गेलो.

भराव दिसेना. जिथे डंपर ओतून जायचे तिथे पेव्हर ब्लॉकचं सपाट आवार झालं होतं, आणि त्याच्या कडेला पत्र्याचे चार गाळे. तिवरांची ओळ जिथे संपायची तिथे ‘येथे गाडी लावू नये’ अशी पाटी होती. विद्यार्थ्याने इकडे तिकडे पाहिलं, टेप गुंडाळली आणि गुडघ्यावर पॅड ठेवून पंचनामा लिहिला: ‘तक्रारदाराने दर्शविलेल्या ठिकाणी भराव आढळून आला नाही. सदर ठिकाणी पक्के फरसबंद आवार व चार गाळे आढळून आले. गाळ्यांबाबत तक्रार नसल्याने त्याविषयी अभिप्राय नाही.’ मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. दोन्ही ठिकाणचे ‘आढळून’ दीर्घ होते. त्यांनी विद्यार्थ्याच्या पाठीवर थाप मारली.

“सर, याच्या तीन प्रती लागतील,” तो ओशाळून म्हणाला. “इथे जवळपास झेरॉक्स कुठे मिळेल?”

तिसऱ्या गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आत तीन मशिनं आणि लॅमिनेशन मांडून आमचा झेरॉक्सवाला हार घातलेल्या गणपतीपुढे उदबत्ती लावत होता. मास्तरांना पाहून त्याने हात जोडले आणि पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

“या मास्तर, बोहनी तुमच्याच हातची. पाठपोट की एकेरी?”

“एकेरी,” मास्तर म्हणाले. “आणि तीन नको, अकरा काढ. राष्ट्रपती राहिलेत.”